सासूबाईंच्या कार्डावर शिखर

आमच्या गावच्या बर्फजोडे मंडळाचा मी अध्यक्ष कसा झालो, असं लोक अजून विचारतात. उत्तर सरळ आहे. निवडणूक चालू असताना मी गाडीचं इंजिन गरम करायला बाहेर गेलो होतो. आत आलो तर टाळ्या चालू होत्या. मीही वाजवल्या. कोण निवडून आलं हे खुर्चीवर बसल्यावर कळलं.

पण खरं सांगायचं तर मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मी ऑरेल पेल्शा, वय चौपन्न. गावात डोळे तपासून चष्मे करून देण्याचं माझं दुकान आहे, आणि कॅनडातल्या केबेक प्रांताच्या आमच्या या कोपऱ्यात ज्याला लांबचं धड दिसतं त्याला ते बहुधा माझ्यामुळेच दिसतं. असा माणूस अध्यक्ष नको तर कोण? शिवाय काम ते काय? फेब्रुवारीत वार्षिक जेवणाच्या दिवशी मंडळाची लाल लोकरी टोपी घालायची, वाटाण्याच्या सूपची वाफ तोंडावर घेत दोन शब्द बोलायचे आणि बसायचं. माझे दोन शब्द नोव्हेंबरातच लिहून तयार होते. सात पानं झाली होती.

जानेवारी संपता संपता शेजारचे ओव्हिलाकाका आले. आले म्हणजे काय, आमच्या दोघांमधलं कुंपण एकदा बर्फाखाली गेलं की ते थेट स्वयंपाकघराच्या दारातच उगवतात. वय एक्क्याऐंशी. जन्मभर गावात टपाल वाटलं, त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतंय हे विचारण्याचा आपल्याला सरकारी अधिकार आहे, असं ते निवृत्तीनंतरही समजतात.

"मग अध्यक्षमहाराज," कॉफीत बिस्किट बुडवत ते म्हणाले, "कधी चढताय?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मों-शोववर!"

मों-शोव म्हणजे टकल्या डोंगर. खाली घनदाट देवदार आणि माथ्यावर औषधाला झाड नाही. काकांनी सांगितलं ते असं: दर फेब्रुवारीत मंडळाचा अध्यक्ष बर्फात न रुतता चालायचे बर्फजोडे बुटांना बांधून स्वतः शिखरावर जातो, तिथल्या पत्र्याच्या डब्यातल्या वहीत सही करतो, आणि मगच गावाला सूप वाढलं जातं. बासष्ट वर्षांत एकही फेब्रुवारी चुकलेला नाही.

"एका वर्षी तर अध्यक्षाचा पाय मोडला होता. तरी सही झाली."

"मोडक्या पायाने चढला?"

"छे! चढताना पाय धड होता. उतरताना मोडला."

चुलीशी उभी असलेली माझी बायको युगेत न वळताच म्हणाली, "काका, हा तळघरातून बटाटे आणताना मध्ये थांबतो."

"बटाटे जड असतात," मी शांतपणे सांगितलं. "शिखरावर मी बटाटे नेणार नाही."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पूर्ण गावात गेलं होतं. बेकरीत मला पाव मिळण्याआधी सल्ले मिळाले. पायमोज्यांत मिरपूड घाल. मिरपूड चुकूनही घालू नको, कोळशाची राख घाल. निघताना पोटभर खा. उपाशी जा, भरल्या पोटी रक्त पायांत उतरत नाही. ज्या बाईंनी हा शेवटचा सल्ला दिला त्या स्वतः गावाबाहेर गेल्या त्या फक्त बाळंतपणाला. पण आमच्या गावात बर्फावर मत असायला बर्फात जावं लागत नाही.

काकांनी स्वतःचे जुने बर्फजोडे दिले. लाकडाची लांबट चौकट, त्यात कातड्याच्या वाद्यांची जाळी, आकार पाळण्याएवढा. एका जोड्याची जाळी उंदरांनी खाल्ली होती. "दुसरा कसा ठणठणीत आहे बघा," काका म्हणाले. शेवटी मी शहरात जाऊन खाली पोलादी दात असलेले नवे अ‍ॅल्युमिनियमचे जोडे आणले आणि अंगणात सराव सुरू केला.

बर्फजोड्यांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही: त्यांना उलटं चालता येत नाही. शेपटी बर्फात रुतते. मी गॅरेज आणि उंच हिरव्या कुंपणाच्या मधल्या बोळात शिरलो, सरळ शेवटपर्यंत गेलो, आणि तिथे उभा राहिलो. वळायला जागा नाही, मागे येण्याची सोय नाही. डाव्या जोड्यावर उजवा पाय होता, म्हणजे पुढेही जाता येत नव्हतं. पाऊण तास मी तिथे हात पाठीमागे बांधून, बागेची पाहणी करणाऱ्या माणसासारखा उभा होतो. समोरच्या तीन खिडक्यांतून लोक पाहत होते. एकाने हात केला. मीही केला. युगेत फावडं घेऊन आली तेव्हा तिने एक शब्द उच्चारला नाही, आणि तिचं ते न बोलणं मला वर्षभर पुरेल.

तरी माझा आत्मविश्वास तसूभर ढळला नव्हता. तो हलवला डोंगराच्या पायथ्याच्या कचेरीने.

तिथे मादाम सेव्हिन्यी बसतात. काचेमागे बाई, बाईंमागे हीटर, आणि हीटरमागे नियमांची फळी.

"हिवाळ्यात शिखराची वाट बंद आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे जाता येत नाही?"

"जाता येतं. बंद आहे, मनाई नाही. मनाईचा फॉर्म वेगळा." त्यांनी एक फॉर्म सरकवला. "झाडं संपतात त्याच्या वर एकट्याने जायचं नाही. सोबत एक अनुभवी माणूस हवा. हिवाळी वाटेचं कार्ड असलेला. दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे फिरायचं आणि चारच्या आत इथे येऊन सही करायची."

"मी मंडळाचा अध्यक्ष आहे."

"त्यासाठी रकाना नाही," मादाम म्हणाल्या.

मला सोडून आमच्या मंडळाचे एकोणचाळीस सभासद. सरासरी वय एकाहत्तर. मी घरी येऊन एकेकाला फोन लावले. अडतीस जणांच्या कार्डांची मुदत संपली होती, त्यातल्या दोघांची तर कार्डं द्यायची पद्धत सुरू होण्याआधीच. गावात चालू असलेलं कार्ड एकच होतं. रोझ-आल्मा त्र्युदेल, वय चौऱ्याहत्तर. माझ्या सासूबाई.

इथे एक खुलासा करणं भाग आहे. सासूबाई माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्या दुकानात डोळे तपासायला बसल्या होत्या. उजवा डोळा झाला होता. मी डाव्याकडे वळताना सहज म्हणालो, "या वयात असं होतंच, सासूबाई." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या उठल्या, कोट घातला, आणि डावा डोळा तसाच घेऊन निघून गेल्या. तेव्हापासून औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरचा तयार चष्मा घालतात आणि मी समोर असलो की तो मुद्दाम नाकावर दाबतात. नाताळच्या जेवणात माझ्या हातातलं मीठ हवं असलं तरी म्हणतात, "युगेत, तुझ्या त्या चष्मेवाल्याला सांग, मीठ दे."

अशा बाईंकडे मी टोपी हातात घेऊन गेलो. त्या मटणाच्या पाईची कणीक तिंबत होत्या.

"सासूबाई, मंडळाच्या परंपरेचा प्रश्न आहे."

"मला झेपेल का पण?" त्या कणकेला म्हणाल्या. "या वयात?"

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या योग्य निर्णयांपैकी तो एक.

"शनिवारी सात वाजता," त्या म्हणाल्या. "डोंगरावर मी सांगेन ते ऐकायचं. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

शनिवारी उणे एकवीस होतं. सासूबाई त्यांच्या जुन्या लाकडी जोड्यांवर उभ्या होत्या, कमरेला विणलेला लाल पट्टा, पाठीवर छोटी पिशवी. मी पाच स्वेटर घातले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "परत यायचा विचार नाही का?"

वाट सुरुवातीला छान होती. आधी गेलेल्यांनी बर्फ तुडवून मध्ये घट्ट पट्टी केली होती. तिच्यावरून चाललं की रस्ता आणि दोन पावलं बाजूला गेलं की कंबरेपर्यंत कारभार आटोपला. सासूबाई पुढे, मी मागे. वीस मिनिटांत मला घामाच्या धारा लागल्या.

"घाम काढू नकोस. थांबलास की गोठतो. स्वेटर काढ."

मी एक काढला. मग दुसरा. दोन किलोमीटरवर मी एका माणसाचे कपडे अंगात आणि दुसऱ्याचे पाठीवर वाहत होतो. पाणी प्यायला बाटली काढली तर तोंडाशीच बर्फ झालेला. सासूबाईंची बाटली पिशवीत उलटी ठेवलेली, म्हणजे बर्फ बुडाशी आणि पाणी तोंडाशी. हे त्यांनी मला समजावलं नाही. फक्त माझ्यासमोर सावकाश, घोट घोट प्यायल्या.

त्या वर्षी बर्फ इतका होता की झाडांवरच्या निळ्या खुणा, ज्या उन्हाळ्यात डोक्याच्या उंचीला असतात, त्या गुडघ्याशी आल्या होत्या. सासूबाई मधूनच विचारायच्या, "डावीकडे खूण आहे ना?"

"आहे."

"निळी?"

"निळी."

मला वाटलं माझी परीक्षा चालली आहे. मी प्रत्येक उत्तर खणखणीत आवाजात देत होतो. पैकीच्या पैकी गुण मिळत होते. या यशाच्या भरात एका वळणावर, दृश्य नीट दिसावं म्हणून, मी वाटेवरून एक पाऊल बाजूला टाकलं.

मोठ्या बर्फात छोटे देवदार पूर्ण गाडले जातात आणि त्यांच्या फांद्यांखाली पोकळी राहते. वरून सपाट दिसतं, खाली विहीर असते. मी काखांपर्यंत आत गेलो. माझे नवे पोलादी दात खाली कुठल्या तरी फांदीला पक्के धरून बसले.

"ऑरेल?" सासूबाईंचा आवाज आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं.

"इथेच आहे," मी म्हणालो. "जरा बसलोय."

त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, एक टोक झाडाला बांधलं, दुसरं माझ्याकडे फेकलं. ते माझ्यापासून चांगलं दोन हात डावीकडे पडलं. त्यांनी ओढून पुन्हा फेकलं. पुन्हा दोन हात डावीकडे. मला वाटलं सूड घेतायत. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "उजवीकडे!" तेव्हा पट्टा तोंडावर आला. अर्ध्या तासाने मी बाहेर निघालो. ओढाओढीत निघालेला बूट परत मिळाला, त्यातला पायमोजा अजून त्या झाडाकडे आहे.

झाडं संपली तेव्हा बारा वाजून गेले होते. वर नुसतं पांढरं. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, आणि मधून वारा बर्फाचं पीठ उडवत होता. शिखराकडे जाताना ठरावीक अंतरावर दगडांच्या राशी रचलेल्या असतात. एक सापडली की तिच्याजवळ उभं राहून पुढची शोधायची. आणि इथे माझा व्यवसाय माझ्यावर उलटला. श्वासाची वाफ चष्म्यावर गेली आणि तिथेच गोठली. चष्मा काढला तर मला हाताची कोपरं दिसतात, त्यापुढचं जग ऐकीव.

मी चष्मा काखेत गरम केला, पुसला, डोळ्यांवर चढवला. तो पुन्हा गोठेपर्यंत साधारण चाळीस सेकंद मिळतात. त्या चाळीस सेकंदांत मला तीन गोष्टी दिसल्या. दगडांची रास उजवीकडे होती. सासूबाई डावीकडे चालल्या होत्या. आणि त्यांच्यापुढे दहा पावलांवर वाऱ्याने कड्याबाहेर थापलेला बर्फाचा छज्जा होता, ज्याच्याखाली काही नव्हतं.

"सासूबाई, थांबा!"

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही!" त्या म्हणाल्या आणि आणखी एक पाऊल टाकलं.

मी आयुष्यात कधी धावलो नाही. बर्फजोड्यांवर तर कोणीच धावू नये. मी धावलो, स्वतःच्याच जोड्यावर पाय दिला, आडवा झालो, आणि पडता पडता त्यांची पिशवी धरली. आम्ही दोघं बसकण मारून खाली. समोर छज्ज्याचा एक तुकडा, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा, आवाज न करता नाहीसा झाला.

आम्ही बसल्या बसल्याच मागे सरकलो.

मग मी हात त्यांच्या तोंडासमोर धरला. "किती बोटं?"

"हातमोजा घातलायस, मूर्खा. एकही नाही."

"डावा डोळा. उजवा झाका आणि सांगा. तो काळा ठिपका दिसतो का? दगडांची रास?"

त्यांनी उजवा डोळा झाकला. वारा होता म्हणून असेल, पण त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं आणि गालावर पोचायच्या आत गोठलं.

"दूध दिसतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. चंद्राला कडं दिसतं. पाककृतीच्या वहीतल्या ओळी एकमेकींवर चढतात. जंगलात मला डोळे लागत नाहीत रे, वाट पायांना पाठ आहे. पण इथे वर..." त्या थांबल्या. "युगेतला सांगशील तर बघ. गाडीची किल्ली काढून घेईल."

"सासूबाई, हा मोतीबिंदू आहे."

"मला माहितेय काय आहे ते. माझ्या आईलाही होता. अकरा वर्षं खिडकीशी बसून होती. आम्ही तिला सांगायचो, बाहेर ऊन पडलंय, बाहेर बर्फ पडतोय. ती हो हो म्हणायची." त्यांनी नाक पुसलं. "तू तेव्हा 'या वयात' म्हणालास ना, तेव्हा मला ती खिडकी दिसली. दुसरं काही दिसलं नाही."

 एकोणतीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहतो आहे, ती खिडकी मला कधी दिसली नव्हती.

"तुमच्या आईच्या वेळेला इलाज अवघड होता," मी म्हणालो. "आता एका डोळ्याला अर्धा तासही लागत नाही. मी तुम्हाला त्या दिवशी तेच सांगणार होतो. पण आधी मी नको ते बोललो. चुकलं माझं."

त्यांनी जोड्यांवरचा बर्फ झटकला आणि विचारलं, "किती वाजले?"

"बारा चाळीस."

"शिखर?"

मी चष्मा काखेतून काढला. "तीन राशी राहिल्यात."

"मग बसलायस काय? ऊठ!"

असे आम्ही गेलो. मी चष्मा गरम करायचा, चाळीस सेकंदांत पुढची रास हेरायची, आणि तिच्याकडे बोट करून उभं राहायचं. सासूबाई माझं बोट धरून नेमक्या त्या दिशेला चालू लागायच्या आणि मी त्यांच्या पावलांत पाऊल टाकायचो, कारण बर्फ कुठे घट्ट आणि कुठे पोकळ हे त्यांच्या पायांना कळत होतं, माझ्या चष्म्याला नाही. दोघांत मिळून एक बऱ्यापैकी गिर्यारोहक झाला होता.

एकला पाच मिनिटं कमी असताना आम्ही डब्याशी पोचलो. झाकण गोठलेलं. मी ओढलं, ठोकलं, अध्यक्षीय अधिकारात त्याला चार शब्द सुनावले. सासूबाईंनी मला बाजूला केलं, थर्मास उघडला आणि कडीवर गरम वाटाण्याचं सूप ओतलं. डबा उघडला. पेन गोठलं होतं, पेन्सिल चालली. मी सही केली, नाव, हुद्दा, तारीख, वाऱ्याचा वेग अंदाजे.

"मी कुठे करू?" त्यांनी विचारलं.

"फक्त अध्यक्षाची सही असते, सासू—" मी त्यांचं बोट धरलं आणि माझ्या नावाच्या शेजारी कागदावर टेकवलं. त्यांनी सही केली. ती माझ्या सहीवरून गेली. बासष्ट वर्षांच्या वहीत ते एकच पान असं आहे की त्यावर अध्यक्ष कोण हे वाचता येत नाही.

उतरताना विशेष काही घडलं नाही. उतार आला की सासूबाई जोडे उचलून बसायच्या आणि घसरत जायच्या, आणि मी मागून "उजवीकडे! आता डावीकडे! झाड! झाड!" असं ओरडत जायचो. एक झाड मला लागलं.

चारला दहा कमी असताना आम्ही काचेसमोर उभे होतो. माझ्या भुवयांवर बर्फ, एका पायात मोजा नाही, सासूबाईंच्या बाहीवर सूप.

"परतीचा फॉर्म," मादाम सेव्हिन्यी म्हणाल्या. "कार्डधारकाने भरायचा. दृश्यता कशी होती? उत्तम, मध्यम की खराब?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. मग त्या काचेवर वाकून हसायला लागल्या आणि मीही. मादाम म्हणाल्या, हसण्यासाठी रकाना नाही. त्याने आणखीच बिघडलं.

सोमवारी सासूबाईंनी स्वतःच युगेतच्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि सांगितलं, "उन्हाळ्यापर्यंत. एक दिवस जास्त नाही." एप्रिलमध्ये शहरातल्या इस्पितळात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मेमध्ये उजव्याचं. दोन्ही वेळा त्यांना मी नेलं. दोन्ही वेळा गाडी कशी चालवावी हे त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या वेळी तर डोळ्यावर पट्टी असताना.

जूनच्या पहिल्या मंगळवारी, आधी वेळ न ठरवता, त्या माझ्या दुकानात शिरल्या. पाच गिऱ्हाइकं बसली होती, त्यांत ओव्हिलाकाका. सासूबाई सरळ आतल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"वाचायला लाव," त्या म्हणाल्या.

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळला. त्यांनी मोठं अक्षर वाचलं, मग त्याखालची ओळ, मग त्याखालची, टपाल वाटल्यासारखी भराभर. शेवटची बारीक ओळ आली, तीही त्यांनी एका दमात म्हटली. बाहेर गिऱ्हाइकं उभी राहून ऐकत होती. मी दिवा बंद करायला हात नेला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "संपलं नाही अजून. अगदी तळाशी छापखान्याचं नाव आहे आणि पत्ता. तोही वाचू?"

एकोणतीस वर्षं तो तक्ता माझ्या भिंतीवर आहे. मी उठलो, जवळ गेलो, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक भिंतीला टेकेपर्यंत वाकून पाहिलं. खरंच होतं.